शंभराला अठ्ठावन्न

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला पुनमने तिसऱ्यांदा मोजलं आणि तिसऱ्यांदा एकोणसाठ पूर्णांक सहा आलं. यायला हवं होतं अठ्ठावन्न.

तिने पाण्याची पातळी पुन्हा पाहिली. तापमान पाहिलं. पाण्यात बुडवलेली पेन्सिलीएवढी मापक नळी बरोबर दहा सेंटिमीटरवर आहे का, मग बरोबर वीसवर उतरते का, हे स्टीलची पट्टी लावून तपासलं. सगळं जागच्या जागी होतं. आकडा तेवढा नव्हता.

चंद्रपूर शहराबाहेरच्या त्या कॅन्सर हॉस्पिटलात किरणांचं यंत्र तपासायचं काम पुनमचं. किरण कुठे आणि किती द्यायचे हे डॉक्टर ठरवायचे. यंत्र खरोखर तेवढेच देतं की नाही हे ती पाहायची. तिचा हुद्दा लांबलचक होता. पेशंटांनी तो बाजूला ठेवून तिला केव्हाच किरणवाली मॅडम करून टाकलं होतं. परीक्षा साधी होती. पारदर्शक टाकीत पाणी भरायचं, कारण किरणांच्या लेखी माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. वरून किरण सोडायचे. दहा सेंटिमीटर खोल जेवढे पोचतील त्यांना शंभर म्हणायचं आणि वीस सेंटिमीटरवर त्यातले किती उरतात ते मोजायचं. या यंत्राचे अठ्ठावन्न उरत. तीन वर्षं तेच. अर्धा इकडे, अर्धा तिकडे, एवढीच मुभा. आकडा चढला याचा अर्थ किरण जास्त खोल जाताहेत, म्हणजे त्यांची ऊर्जा वाढली आहे.

आणि ती वाढायला काही कारण नव्हतं. कालच संध्याकाळी पाच वाजता, दुरुस्ती करून गेलेल्या कंपनीच्या इंजिनीअरसमोर, हाच आकडा अठ्ठावन्न पूर्णांक एक आला होता. तिच्या वहीत दोघांच्या सह्या होत्या.

यंत्र सोमवारी दुपारी बंद पडलं होतं. बिघाड चुंबकाला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या पट्टीत होता, ती इंजिनीअरने काल बदलली होती. ‘चुंबक’ हा शब्द खोलीबाहेर गेला आणि पुनमच्या डोक्याला ताप झाला. मंगळवारपर्यंत हॉस्पिटलभर झालं, चुंबक कमजोर पडलंय, म्हणून किरणात ताकद येत नाही. एका बाईने पायातल्या तोरड्या काढून नवऱ्याच्या खिशात ठेवल्या. एका पेशंटच्या भावाने विचारलं, रक्तातलं लोह ओढलं जात नसेल तर इथे येऊन फायदा काय? आणि मॅनेजर निकेश, ज्याला हे तिने यंत्र आलं तेव्हाच समजावून सांगितलं होतं, तो विश्वस्तांना फोनवर सांगत होता, “मॅग्नेटची पॉवर गेली साहेब.”

“चुंबक पॉवर देत नाही,” पुनमने त्याला बुधवारी पुन्हा सांगितलं. “वर एक आडवी नळी आहे. त्या नळीत इलेक्ट्रॉन नावाच्या कणांना लाटांनी ढकलत ढकलत पळवतात. जी काय ऊर्जा मिळायची ती तिथेच मिळते. पण नळी आडवी आहे आणि पेशंट खाली झोपलाय. म्हणून कणांना वळवून खाली आणायचं. ते वळवणं चुंबकाचं काम. धावत्या कणाला चुंबक कायम बाजूने रेटतं. मागून ढकलत नाही, समोरून अडवत नाही. वाट बदलते, वेग तोच राहतो. खाली धातूच्या तुकड्यावर कण आदळले की किरण निघतात.”

“म्हणजे गाडी तीच, फक्त स्टिअरिंग.”

“बरोबर.”

पुनमला इतकं बरं वाटलं की तिने त्याला चहा पाजला. चहाचा कप हातात असतानाच त्याला फोन आला आणि तो म्हणाला, “हो हो, मॅग्नेट वीक झालंय, पॉवर बनत नाही.”

पावणेनऊला ती बाहेर आली. मे महिना होता आणि चंद्रपूरचं ऊन तेवढ्या वेळात भिंतीत शिरलं होतं. कूलरसमोरच्या बाकावर सुकरीबाई बसल्या होत्या, शेजारी मुलगी दीपाली. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातलं त्यांचं गाव. सुकरीबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता आणि पंचवीस वेळा किरण घ्यायचे होते. एकवीस झाले होते. बाकीचे पेशंट नागपूरला पाठवले होते किंवा फोन करून घरी थांबवले होते. ज्यांना ना नागपूर जमत होतं ना घर, ते सोमवारपासून हॉस्पिटलच्या आवारात नातेवाइकांसाठी बांधलेल्या शेडमध्ये पडून होते.

“झालं का?” सुकरीबाईंनी विचारलं.

“नाई बाई. तपासून राह्यली.” पुनम मूल गावची. पेशंटांशी बोलताना घरची बोली आपोआप यायची.

“काल बी तपासली न तू.”

“काल बरोबर होतं. आज नाई.”

“रातभर कोणी वापरली काय तिले?”

दीपाली ओशाळून म्हणाली, “यायो, गप ना.” घरात गोंडी चालायची, आईला ती यायोच म्हणायची.

“काऊन गप? पाच दिस झाले. सोमवारी म्हणे उद्या, उद्या म्हणे परवा. मले कोणी सांगलं का खोटं बोलतेत? मी फक्त इचारलं.” मग त्या पुनमकडे वळल्या. “पाय बाई, रविवारपासून आमच्याकडं पत्ता सुरू होते. तेंदूचा पत्ता पंधरा दिस तोडा लागते, मंग तो बी म्हणत नाई का सुकरी बिमार आहे, थांबतो. चार वाजता बस आहे. आज देत असशीन त दे. नाई त मी चालली.”

“आणि बाकीचे चार?”

“पत्ता झाल्यावर.”

पुनमने हिशेब केला. आधीच पाच दिवसांचा खंड पडला होता. त्यात बिडीसाठीच्या तेंदूपानांचे पंधरा. इतक्या दिवसांत उरलेल्या गाठीतल्या पेशी नुसत्या बसून राहत नाहीत. एकवीस वेळा जे मिळवलं त्यातलं बरंच त्या परत घेतात. आणि पत्ता संपला की पेरणीपूर्व कामं, मग पाऊस, मग नाल्यावरून बस बंद. असे ‘नंतर येतो’ म्हणून गेलेले पेशंट तिने पाहिले होते. आले ते दिवाळीनंतर आले, आणि तेव्हा किरणांनी करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

“चारच्या आत देते,” ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी स्वतःवरच चिडली, कारण हे म्हणायला तिच्याकडे काहीच आधार नव्हता.

नऊ वाजता निकेश आला. एकोणसाठ पूर्णांक सहाचा आकडा त्याने शांतपणे ऐकला.

“म्हणजे जास्तच आहे ना? कमी असतं तर प्रॉब्लेम.”

“जास्त हाही प्रॉब्लेमच आहे.”

“मॅडम, दीड. फक्त दीड. आपल्या इथल्या बीपीच्या मशीनमध्ये यापेक्षा जास्त फरक असतो.”

“शिवाय यंत्र हळू झालंय. मिनिटाला सहाशे मात्रांचा दर असतो, आज साडेचारशेच्या वर जात नाही.”

“हळू पण चालू आहे.”

“निकेशभाऊ, दीड किती हा प्रश्नच नाही. तो कशामुळे आला हे मला माहीत नाही. ज्याचं कारण माहीत नाही तो दीड दुपारपर्यंत पाच होऊ शकतो, आणि तो त्या बाईंच्या आतड्यावर होईल.”

निकेशने खिशातून फोन काढला, आणि बाहेर जाऊन तो विश्वस्तांना काय सांगणार हे तिला दिसलं.

तिने इंजिनीअरला फोन लावला. तो हैदराबादच्या गाडीत बसला होता आणि फोन दर दोन मिनिटांनी तुटत होता. चौथ्या वेळी तो म्हणाला की त्याने सगळं स्वतःच्या मीटरवर लावून दिलं होतं, आणि चुंबकाचा विद्युतप्रवाह ठरवणारा बारीक स्क्रू लाल लाखेचा थेंब टाकून बंद केला होता. पडद्यावर प्रवाह किती दिसतो? पुनमने पाहिलं. कालचाच आकडा. मग चुंबक बरोबर आहे, असं म्हणून तो बोगद्यात की कशात गेला.

पुनम खुर्चीत बसून राहिली. दोन गोष्टी एकदम घडल्या होत्या. किरणांची ऊर्जा वाढली होती आणि किरण कमी झाले होते. नळीने कणांना जास्त जोर दिला असता तर नुसती ऊर्जा वाढली असती, दर एवढा घसरला नसता. दोन्ही एकत्र कधी होतं हे तिला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. चुंबक जास्त तगडं झालं की. पण पडदा म्हणत होता, चुंबक कालचंच आहे. आणि पडदा प्रवाह कुठून वाचतो? त्याच नव्या पट्टीवरून. पट्टीचाच काटा कोणी हलवला असेल तर पडदा इमानाने चुकीचं सांगत राहील.

रातभर कोणी वापरली काय तिले.

तिने हेमराजला बोलावलं.

हेमराज हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन. पंचावन्नच्या घरातला. गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात वीस वर्षं काढून इथे आलेला. जनरेटर, लिफ्ट, कूलर, विश्वस्तांच्या घरची मोटार, काहीही त्याच्या हातून चालू व्हायचं, आणि हे त्यालाही माहीत होतं.

“हेमराजभाऊ, काल इंजिनीअर गेल्यावर कव्हर कोणी लावलं?”

“म्याच लावलं. चारी बोल्ट कसून लावले. एक बी ढिला निघाला त माही मिशी कापा.”

“बोल्टचं नाही विचारत. आत काही केलं?”

“आत मी काय करन जी?”

“उघडा.”

वीज बंद करून, कुलूप लावून, किल्ली पुनमने स्वतःच्या खिशात टाकली. हेमराजने चारी बोल्ट काढले, प्रत्येक काढताना किती घट्ट होता ते तिला दाखवत. आत बॅटरी मारली. लाल लाखेचा थेंब मधोमध तडकलेला होता. हेमराज त्या थेंबाकडे असा पाहू लागला की जणू तो शेजारच्या कोणाचा आहे.

“हे कशाने तुटलं?”

“गरमीनं तुटते कवा कवा.”

“भाऊ.”

“अर्धा आटा,” हेमराज म्हणाला.

“काय?”

“अर्धा आटा फिरवला. जास्त नाई.”

पुनमने बॅटरी बंद केली. तिला ओरडायचं होतं, पण सकाळपासून न बोललेलं इतकं साठलं होतं की ओरडायला नेमकं काय निवडावं ते कळेना.

“का?”

“आता तुम्ही नाराज होणार, पण ऐका. आमच्या प्लांटमंदी चुनखडीच्या पट्ट्यावर अस्संच मोठं चुंबक टांगलं होतं. खाली दगड चालले का त्याच्यातला लोखंडाचा तुकडा ते ओढून घे. एक डाव साहेबानं मीटर लावून सेट केलं न निंगून गेला. दुसऱ्या दिवशी पोकलेनच्या बकेटचा लोखंडी दात खालून निसटला, क्रशरमंदी गेला, तीन दिवस प्लांट बंद. तवापासून साहेब किती बी सेट करो, मी मागून थोडा करंट वाढवून ठेवो. वीस वर्षांत पुन्हा एक दात नाई गेला. साहेब लोक आकड्यावर सोडून जाते मॅडम. मंग निस्तरा लागते आपल्याले.” मग तो म्हणाला, “न चार दिवस सारे म्हणूनच राह्यले होते का चुंबक कमजोर आहे.”

“मी म्हणाले होते?”

“तुम्ही नाई. बाकी सारे.”

“हे ओढायचं चुंबक नाही, भाऊ. इथे लोखंड नाही. हे फक्त वळवतं. ते ताकद देत नाही. चार दिवस घसा फोडून सांगतेय.”

“बरं. नाई देत.” हेमराजने स्क्रू ड्रायव्हर दुसऱ्या हातात घेतला. “मंग किरणाची ताकद वाढली कशी? तुम्हीच सकाळी निकेश साहेबाले सांगून राह्यल्या. एकोणसाठ झालं म्हणे. मी चुंबक वाढवलं, ताकद वाढली. झाली का नाई?”

माणूस चूक होता आणि त्याचा मुद्दा बरोबर होता, यासारखं वैतागवाणं काही नाही.

तिने जवळच्या पुठ्ठ्यावर पेनने एक वळण काढलं आणि वळणाच्या मधोमध एक फट.

“पाहा. नळीतून सगळे कण सारख्या जोराचे निघत नाहीत. बरेचसे मधल्या जोराचे, थोडे जास्त, थोडे कमी. चुंबकात शिरले की जो जोरात आहे तो मोठं वळण घेतो, जो हळू आहे तो आखूड वळतो. मध्ये ही फट. मधल्या जोराचे तेवढे फटीतून पार होतात, बाकीचे इकडे तिकडे भिंतीवर आपटून संपतात. तुम्ही चुंबक वाढवलं. सगळ्यांचंच वळण आखूड झालं. नेहमीचे कण आतल्या भिंतीवर गेले. आणि जे जास्त जोराचे आधी बाहेरून जात होते, ते वळून फटीत आले. चुंबकाने त्यांना जोर दिला नाही. ते आधीपासूनच तसे होते. फक्त आज त्यांना सोडलं आणि नेहमीच्यांना अडवलं.”

हेमराजने पुठ्ठा हातात घेऊन वळणावरून बोट फिरवलं.

“धान उपणल्यावाणी,” तो म्हणाला.

“काय?”

“धान उपणते का नाई आपण. हवा काही दाण्यात वजन भरत नाई. पण हवा जोरात सुटली का जड जड दाणे तेवढे ढिगावर पडते, बाकीचे बारीक उडून जाते. ढिगात पाहा त दाणा एकदम वजनदार. पण पोतं भराले दुपार होते.” त्याने फटीवर बोट ठेवलं. “म्हणूनच मशीन हळू झाली.”

राइस मिलच्या गावात वाढलेल्या पुनमला हे चार दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर निकेशला चहा पाजावा लागला नसता. आणि सुचावं ते या माणसाला, ज्याच्यामुळे सकाळपासून पाणी मोजत बसली होती.

“हो. तसंच,” ती म्हणाली.

“आधी असं सांगतलं असतं त मी हात नसता लावला.”

पुनमने पुन्हा इंजिनीअरला फोन लावायला घेतला.

इंजिनीअरचा फोन पावणेबाराला लागला. पट्टीला हात लावायचा अधिकार त्याचा, हॉस्पिटलमधल्या कोणाचा नव्हे. तेव्हा त्याच्या साहेबांची परवानगी, तिची लेखी विनंती, त्याचं लेखी उत्तर यात एक वाजला. मग व्हिडिओ कॉलवर, त्याच्या डोळ्यांदेखत, हेमराजने स्क्रू अर्धा आटा उलट फिरवला. पुनमने टाकी पुन्हा यंत्राखाली आणली, पाणी स्थिर होऊ दिलं, मोजलं. अठ्ठावन्न पूर्णांक सात.

“अर्धाच फिरवला होता ना?”

“अर्धाच जी. मनगटाचा अंदाज आहे, काटा थोडीच आहे.”

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. निकेश दारात उभा होता.

“आता तर झालं, मॅडम. पॉइंट सातसाठी थांबायचं? ती बाई चारला जाणार. गेली तर उद्या पेपरात येईल, मशीन चालू असून पेशंट परत पाठवला.”

“मुभा अर्ध्याची आहे.”

“अर्धा आणि पॉइंट सात. मध्ये आहे किती? पॉइंट दोन.”

पुनमला सुकरीबाई दिसत होत्या. कूलर पाणी संपून नुसता घरघरत होता आणि त्या पदराने वारा घेत होत्या. पॉइंट दोनने त्यांचं काही वाईट होणार नव्हतं, हे तिला निकेशपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण आज पॉइंट दोन सोडलं तर पुढच्या वेळी पॉइंट पाच मागायला हाच माणूस याच दारात उभा राहणार, आणि तेव्हा नाही म्हणायला तिच्याकडे काही उरलं नसणार. तिने इंजिनीअरला पुन्हा फोन लावला.

स्क्रू केसभर फिरवला. मोजलं. सत्तावन्न पूर्णांक तीन. पलीकडे गेलं. हेमराजने कपाळाचा घाम पुसला आणि कोणी न सांगता चष्मा आणायला गेला. चष्मा लावून त्याने स्क्रू इतका हळू फिरवला की फिरला की नाही हे पुनमला कळलं नाही. पाणी स्थिर व्हायला दहा मिनिटं. दहा सेंटिमीटर: शंभर. वीस सेंटिमीटर: अठ्ठावन्न पूर्णांक शून्य. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. दर मिनिटाला सहाशे. मग एका मात्रेला नेमके किती किरण जातात ते मोजलं, किरणांच्या चौकोनात चारी बाजूंना ते सारखे पडतात का पाहिलं, लाखेचा नवा थेंब टाकला, सही केली. तीन वाजून बत्तीस मिनिटं.

बाहेर बाक रिकामा होता.

“तीनलाच गेल्या,” निकेश म्हणाला. “मी म्हणालो होतो.”

सुकरीबाईंवर उपचार करणाऱ्या डॉक्टर ज्योत्स्ना त्या दिवशी गडचिरोलीच्या शिबिरात होत्या. पुनमने त्यांना फोनवर दोन मिनिटांत सांगितलं, त्यांनी एका मिनिटात उत्तर दिलं. मग ती हेमराजच्या मोटरसायकलवर मागे बसली. शेहेचाळीस अंशांच्या उन्हात रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, आणि हेमराज वीस वर्षं सिमेंटच्या ट्रकांमधून गाडी काढलेल्या माणसासारखा चालवत होता.

गडचिरोलीची बस फलाटाला लागलेली होती. सुकरीबाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. दीपालीने पुनमला पाहिलं आणि डोळे मिटून डोकं मागे टेकवलं.

“मॅडम, मी सांगून सांगून थकली,” ती म्हणाली. “आता तुम्ही सांगा.”

“बाई, झालं. मशीन बरोबर आहे. चला.”

“आता बस सुटते.”

“सुटू द्या.”

“तुले काय, सुटू द्या म्हणाले.” सुकरीबाई चिडून नाही, दमून बोलत होत्या. “सकाळी म्हणाली चारच्या आत. दुपारी मी इचाराले आली त तू पाण्यात पाहून राह्यली होती. तीन डाव पाह्यलं म्या दारातून. डबक्यात मासे पाहते तशी. पाण्यात काय दिसते तुले?”

“तुमच्या पोटात किती जाईल ते दिसते.”

“न काय दिसलं?”

“सकाळी जास्त जात होतं. म्हणून नाई देल्लं.”

सुकरीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “जास्त गेलं असतं त काय झालं असतं?”

“आज काहीच समजलं नसतं. मंग कवातरी आतडं जळालं असतं.”

“न ह्यो कोण?” त्यांनी मागे उभ्या हेमराजकडे हनुवटी केली.

“माह्यामुळेच झालं जी,” हेमराज म्हणाला. “मी एक स्क्रू फिरवला. चांगलं कराले गेलो.”

“बापा. तवा तूच वापरली रातभर.”

कंडक्टर दारात येऊन म्हणाला, “ओ मॅडम, चढायचं असन त चढा, उतरायचं असन त उतरा. बस काही हॉस्पिटल नाई.”

पुनम पायरीवर चढली आणि भराभर बोलली. “आज एक. उद्या शनिवार, यंत्र बंद असते, पण तुमच्यासाठी लावतो, उद्या एक. सोमवारी दोन, सकाळी आठला न दुपारी अडीचला, मधात सहा तास पायजे. पंचवीस पुरे. डॉक्टर बाईनं हो म्हटलं. मंगळवारी पहाटेची बस. पत्त्याचे दोन दिस जातीन, पंधरा नाई.”

“न नाई थांबली त?”

“त एकवीस बी वाया जाईन. सगळे नाई, पण जाईन. मी डॉक्टर नोहो, पण खोटं नाई सांगत.”

बसच्या इंजिनाने आचका दिला. सुकरीबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. मग पिशवी दीपालीकडे दिली आणि उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, कोणावर तरी उपकार केल्यासारख्या.

“तिकिटाचं काय?” दीपालीने विचारलं.

“ते ह्यो देईन,” सुकरीबाई म्हणाल्या, हेमराजकडे न पाहता.

पाच वाजायच्या आधी त्या यंत्राखाली झोपल्या होत्या. पुनमने जाड दार लावलं आणि पडद्यासमोर बसली. मात्रांची संख्या चढत गेली, सहाशेच्या दराने, एकदाही न अडखळता. एका बाजूचं झालं, यंत्राचं डोकं गोल फिरलं, दुसऱ्या बाजूचं सुरू झालं. वर कुठेतरी आडव्या नळीतून कण निघत होते, चुंबकात शिरत होते, आणि आपला वेग जराही न बदलता, नेमक्या त्या एका फटीतून खाली वळत होते. पुनमला ते दिसत नव्हतं. कोणालाच दिसत नव्हतं. निकेश मागे उभा राहून विश्वस्तांना फोनवर सांगत होता, “हो साहेब, मॅग्नेटमध्ये पॉवर आली.” तिने मागे वळून पाहिलं नाही.

दार उघडलं तेव्हा सुकरीबाई उठून बसल्या होत्या.

“झालं?”

“झालं.”

“काहीच लागलं नाई.”

“लागत नसते.”

“एवढ्यासाठी पाच दिस.” त्यांनी पदर सारखा केला आणि चपला शोधल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“उद्या किती वाजता?”

“नऊ.”

“आधी ते पाण्यात पाहशीन?”

“पाहाच लागते.”

“त मंग सातले येऊन पाय,” सुकरीबाई म्हणाल्या. “मले नऊ म्हणजे नऊ.”